वाचकांचे प्रश्न : शिक्षणशास्त्र की आंतरराष्ट्रीय संबंध?

प्रश्न : राज्यशास्त्रात एम.ए. (५८ टक्के) आणि बी.एड. झालं आहे. शिक्षण आणि आंतरराष्ट्रीय संबंध यांची सांगड घालणारं संशोधन करून प्राध्यापक व्हायचं आहे. प्राध्यापकपदासाठीची पात्रता परीक्षा, म्हणजे नेट, कोणत्या विषयातून द्यावी? पीएच.डी.साठी ‘भारत-चीन शैक्षणिक संबंध’ हा विषय चालेल का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : नेट राज्यशास्त्रातूनच द्या. नेटचा विषय एम.ए.शी जुळता हवा, नुसत्या बी.एड.वर शिक्षणशास्त्राची नेट धरू नका. एम.ए. एका विषयात, नेट दुसऱ्यात, प्रबंध तिसऱ्याकडे झुकलेला, असं झालं की अर्ज छाननीतच अडकतो. बी.एड. कॉलेजात शिकवायचं असेल, तर राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमावलीनुसार सामाजिक शास्त्रातल्या एम.ए.सोबत एम.एड. लागतं, दोन्हींत किमान ५५ टक्के. तुमचे ५८ पुरतात, एम.एड.ची दोन वर्षं मात्र हिशेबात धरा.

नेटला दोन पेपर, १५० प्रश्न, ३०० गुण, सलग तीन तास. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नका. पेपर इंग्रजी-हिंदीत असतो. एम.ए. मराठीतून झालं असेल तर आजच एक वही घाला : डावीकडे ‘सत्तासंतुलन’, उजवीकडे ‘बॅलन्स ऑफ पॉवर’. अभ्यास झालेला असूनही संज्ञा न ओळखल्यामुळे गुण जातात, ही फार हळहळ लावणारी गोष्ट आहे.

विषयाचं म्हणाल, तर तो फार पसरट आहे. सोलापूरकरांच्या हाताशी किती नेमका विषय आहे पाहा : डॉ. द्वारकानाथ कोटणीस. हे सोलापूरचे डॉक्टर १९३८ च्या भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. ‘मराठी पाठ्यपुस्तकांतले कोटणीस आणि भारत-चीन संबंध’ असा प्रश्न घेतलात, तर शिक्षण आणि परराष्ट्र व्यवहार एकाच पानावर भेटतात. पण फक्त चालू आवृत्ती चाळू नका. १९६२ च्या युद्धाआधीची आणि नंतरची पुस्तकं शेजारी ठेवा. पाठ गळला, आखडला की भाषा बदलली, हे तेव्हाच दिसेल. बालभारती १९६७ ची, म्हणजे त्याआधीची पुस्तकं जुन्या शाळांच्या कपाटांत आणि ग्रंथालयांत शोधावी लागतील. आधी पुस्तकं किती मिळतात ते मोजा, मगच आराखडा लिहा. चिनी बाजूही तपासायची असेल तर भाषा शिकणं आलंच. तिकडे कोटणीस ‘के दिहुआ’ या नावाने ओळखले जातात.

प्रश्न : आंतरराष्ट्रीय संबंधांवर संशोधन करायचं तर पीएच.डी. परदेशातच करावी लागते का?
– एक वाचक, अक्कलकोट

उत्तर : नाही. इथे नोंदणी करा. किमान मुदत तीन वर्षांची असते. मधल्या काळात फुलब्राइट-नेहरू डॉक्टरल शिष्यवृत्तीवर सहा ते नऊ महिने अमेरिकेत काम करता येतं. ती भारतात नोंदणी झालेल्या संशोधकांसाठीच आहे. तिथल्या प्राध्यापकांना पत्र लिहिताना नुसता बायोडेटा धाडू नका. त्यांच्या ग्रंथालयातला नेमका कोणता संग्रह तुम्हाला पाहायचा आहे, ते पहिल्या परिच्छेदातच सांगा.