गोखले पूल आणि बर्फीवाला पूल जुळले नाहीत, मग मोठ्या प्रकल्पांचं व्यवस्थापन करतात तरी काय?

प्रश्नकर्त्याने खाली जोडलंय: "मी सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला आहे. अंधेरीचे दोन पूल समोरासमोर येऊन जुळलेच नाहीत तेव्हा सगळे हसले. इंजिनिअरना साधी मोजपट्टी लावता येत नाही का? पूल, मेट्रो, स्मारकं असली मोठी कामं नेमकी मॅनेज कशी करतात? वेळापत्रकाचं सॉफ्टवेअर प्रिमाव्हेरा शिकू का?"

मोजपट्टीपासून सुरू करतो, कारण तो शब्द लागला.

मोजपट्टी लावता येते. सर्व्हेअर ऑटो लेव्हल (उंची मोजायची दुर्बीण) घेऊन बेंचमार्कवरून, म्हणजे उंची माहीत असलेल्या खुणेवरून निघतो, फिरून परत तिथेच येतो आणि किती चूक पडली ते बघतो. लूप दोन किलोमीटरचा असेल तर साधारण १७ मिलिमीटरपर्यंत चालतं, त्याच्या वर गेलं की पुन्हा पहिल्यापासून चालायचं. अंधेरीत दोन पुलांमध्ये पडली तशी दीड मीटरची चूक लेव्हल घेताना होत नाही. तेवढी चूक व्हायला दोन कार्यालयं लागतात.

गोखले पुलाचं सगळ्यांना माहीत आहे: जुलै २०१८ मध्ये पादचारी भाग रुळांवर कोसळला, नोव्हेंबर २०२२ मध्ये पूल बंद केला, २६ फेब्रुवारी २०२४ ला नव्या पुलाची एक बाजू सुरू झाली. तेव्हा लोकांना दिसलं की शेजारचा बर्फीवाला पूल खालीच राहिलाय. महापालिकेचं म्हणणं असं की रेल्वेच्या सुधारित निकषांमुळे रुळांवरची उंची वाढवावी लागली. ते खरंच आहे. पण रुळावर दीड मीटर उंची वाढली तर पुढे काय होतं हे शाळेतलं गणित आहे. १:३० चा चढ धरला तर पोहोचरस्ता ४५ मीटरने लांबतो. अंधेरीत ४५ मीटर मोकळी जागा कुठून आणणार? तिथे आधीच दुसरा पूल उभा आहे. म्हणजे रुळांवरची उंची ज्या दिवशी बदलली त्याच दिवशी बर्फीवाला पुलाचा प्रश्न जन्माला आला होता, फक्त तो कुणाच्या टेबलावर नव्हता. रुळांवरचा भाग रेल्वेच्या मंजुरीचा, पोहोचरस्ता महापालिकेचा, आणि बर्फीवाला तर जुनं, झालेलं काम. नव्या कामाच्या नकाशात जुनं काम कडेला पुसटशा रेषेत असतं. त्या रेषेची आरएल, म्हणजे ठरलेल्या शून्यपातळीपासूनची उंची, कोण तपासणार?

पुढची दुरुस्ती मात्र देखणी झाली, त्यावर कुणी हसलं नाही. बर्फीवाला पुलाचा डेक, म्हणजे गाड्या जातात तो भाग, हायड्रॉलिक जॅकवर एका बाजूला १३९७ मिलिमीटर आणि दुसऱ्या बाजूला ६५० मिलिमीटर उचलला. म्हणजे सरळ वर नाही, तिरका. असं काम करताना सगळे जॅक एका पंपावर नुसते जोडून भागत नाही. प्रत्येक जॅकची हालचाल वेगळी वाचावी लागते, कारण एक जॅक चार मिलिमीटर पुढे गेला की डेकला पीळ बसतो आणि काँक्रीटला पीळ सोसत नाही. थोडं उचलायचं, लोखंडी स्टूल सरकवायचं, भार त्यावर घ्यायचा, जॅकखाली पॅकिंग घालायचं, पुन्हा उचलायचं. शेवटी वाढलेल्या उंचीचे पेडेस्टल (खांबावरचे छोटे ठोकळे) ओतायचे आणि डेक ज्यावर टेकतो ते बेअरिंग त्यावर बसवायचे. जुलै २०२४ मध्ये दोन्ही पूल जोडले गेले. ही कसरत ज्यांनी केली त्यांना मोजपट्टी येत नाही म्हणणं जरा जास्तच आहे.

आता मुद्दा. मोठ्या कामात काँक्रीट हा सोपा भाग. ग्रेड ठरलेला, सळई ठरलेली, प्लँट आपला. काम फसतं ते जोडांवर: एका खात्याचं काम जिथे संपतं आणि दुसऱ्याचं सुरू होतं तिथे. प्रकल्प व्यवस्थापक म्हणजे या जोडांचा मालक. बाकी सगळं करायला माणसं असतात.

जोड नुसता डेकचाच असतो असं नाही. मुंबईत महापालिकेच्या मलनिःसारणाच्या नकाशात पातळी टाउन हॉल डेटम या स्थानिक शून्यपातळीवरून असते, कन्सल्टंट समुद्रसपाटीवर काम करतो आणि रेल्वेचा माणूस बोलतो ते रूळपातळीवरून. तिघेही बरोबर असतात. तिघांचे आकडे एका तक्त्यात आणून कुणीतरी सही करावी लागते, आणि नेमकं तेच काम कुणाच्याच ऑर्डरमध्ये लिहिलेलं नसतं. जोड माणसांचाही असतो. कोस्टल रोडच्या वरळीच्या टोकाला खांबांमधलं अंतर ६० मीटर ठरलं होतं. कोळी बांधव सुरुवातीपासून सांगत होते की यातून होड्या जाणार नाहीत, त्यांची मागणी १६० मीटरची होती. काम २०१८ मध्ये सुरू झालं आणि ते बरंच पुढे गेल्यावर अंतर १२० मीटर केलं. तोच निर्णय कागदावर असताना घेतला असता तर खोडरबराने भागलं असतं. स्मारकांची गत वेगळी नाही. अरबी समुद्रातल्या शिवस्मारकाचं जलपूजन २४ डिसेंबर २०१६ ला झालं, काम न्यायालयात अडकलं, समुद्रात पाया अजून नाही. पुण्यात विद्यापीठ चौकातले उड्डाणपूल २०२० मध्ये पाडले, कारण मेट्रो आणि ते एकत्र बसत नव्हते. त्या पुलांचं काँक्रीट वाईट होतं असं मी कुणाकडून ऐकलेलं नाही.

पण सगळ्यात महाग जोड जमिनीखाली असतो, आणि त्यावर मला जरा सविस्तर लिहायचंय.

एका शहरातला उड्डाणपूल, गाव आणि खातं सांगत नाही. एका खांबाखाली १२०० मिलिमीटर व्यासाच्या चार पाइल (जमिनीत खोल ओतलेले काँक्रीटचे खांब), त्यांच्यात ३.६ मीटर अंतर, वर ५.१ बाय ५.१ मीटरची, १.८ मीटर जाडीची पाइल कॅप, म्हणजे चारही पाइलना वरून बांधणारा ठोकळा. सत्तेचाळीस घनमीटर काँक्रीट, म्हणजे सहा घनमीटरचे आठ ट्रान्झिट मिक्सर. एका रात्रीचं काम. पाण्याची ९०० मिलिमीटरची लोखंडी मेन लाइन नकाशात फूटपाथच्या कडेने सरळ दाखवलेली, खांबापासून चांगली दोन मीटर लांब. त्यामुळे ट्रायल पिट, म्हणजे आधी खणून बघायचा खड्डा, घेतला तो फक्त एका कोपऱ्यात, फूटपाथच्या बाजूला. त्यात काही सापडलं नाही. लाइन सापडली नाही याचा अर्थ "जागा मोकळी आहे" असा काढला गेला. खरा अर्थ होता "लाइन नकाशात आहे तिथे नाही". लाइन जिथे असायला हवी तिथे नसेल तर ती दुसरीकडे कुठेतरी आहे, पाणी तर रोज येतंय!

दोन पाइल झाल्या. तिसऱ्या पाइलच्या जागी मुकादमाने पहिले दोन मीटर हाताने खणायला लावले. तसा नियमच आहे, पण पाइल खणायचं यंत्र, रिग, उभी असली की तो पहिला विसरला जातो. दीड मीटरच्या आत पहारीचा आवाज बदलला. पुढचं खोरं-घमेल्याने, हळूहळू. माती झाडली तर पाइपावरच्या डांबरी आवरणाचा काळा गोल भाग, आणि तो तिरका, थेट पाइल कॅपच्या पोटातून गेलेला. जुन्या माणसाने नंतर सांगितलं की लाइन टाकताना तिथे नाल्याची मोरी होती, तिला वळसा घातला होता. नकाशा होता तो टाकण्याआधीचा. टाकल्यानंतरचा कुणी काढलाच नव्हता.

मग खांबच सरकवा, असं कुणीही म्हणेल. सरकवता येत नव्हता, कारण त्या गाळ्याचे, म्हणजे दोन खांबांमधल्या भागाचे, ३० मीटरचे गर्डर (आडव्या तुळया) कास्टिंग यार्डात तयार होऊन पडले होते. पाया मोकळा आहे की नाही हे कळायच्या आधी गर्डर का ओतले? कारण गर्डर ओतला की बिल निघतं. ट्रायल पिटचं बिल निघत नाही. महिन्याच्या अहवालात प्रगती ४० टक्के दिसत होती आणि ती खोटीही नव्हती, गर्डर यार्डात खरेच तयार होते. मला या टक्क्यांचा तेव्हापासून राग आहे.

लाइन हलवायची म्हणजे काय ते ओळीने सांगतो. संयुक्त पाहणी. पाणी खात्याचं एस्टिमेट. मंजुरी. डिपॉझिट भरणं. पाइपची ऑर्डर. जुन्या लाइनला समांतर नवा तुकडा टाकणं, दोन्ही टोकांना बेंड. वेल्डिंग तपासणी. पाण्याचा दाब देऊन हायड्रो टेस्ट. धुऊन क्लोरिन मारणं. मग शटडाऊन (पाणीपुरवठा बंद), जुनी लाइन कापून नवी जोडणं आणि हवा काढत काढत पाणी सोडणं. प्रत्यक्ष खणण्या-जोडण्याचं काम तीन आठवड्यांचं. पण लाइन सापडली जानेवारीत, एस्टिमेट मंजूर व्हायला मार्चअखेर उजाडली. उन्हाळ्यात टंचाई, शटडाऊन नाही. पावसाळ्यात रस्ता खणायला बंदी. पुढे गणपती, नवरात्र, दिवाळी, सणात पाणी बंद करायला कोण परवानगी देणार? शटडाऊन मिळाला नोव्हेंबरात. दहा महिने. आणि या सगळ्यासमोर दुसऱ्या तीन कोपऱ्यांतले खड्डे म्हणजे चार मजुरांची दोन दिवसांची मजुरी.

तेव्हाचे आमचे साहेब म्हणाले होते, "नकाशात आहे ना, मग खणायचं कशाला?" साहेब, म्हणूनच खणायचं.

तर विद्यार्थीमित्रा, खड्डा कसा घ्यायचा ते लिहून ठेव. पाइल कॅपच्या चारही बाजूंनी चर, कॅपच्या कडेपासून अर्धा मीटर बाहेर, सलग, तुटक नाही. रुंदी माणूस उतरून वाकू शकेल इतकी, मीटरभर. खोली निदान दोन मीटर. दीड मीटरच्या खाली गेल्यावर कडांना टेकू, कारण रस्त्याकडेची भरावाची माती सांगून कोसळत नाही. जेसीबी फक्त डांबर उचकटायला, त्यापुढे हाताने. जे सापडेल त्याचा व्यास, वरच्या कडेची आरएल आणि दोन टोकांचे कोऑर्डिनेट घ्यायचे, पट्टी ठेवून फोटो, आणि त्या त्या खात्याच्या कनिष्ठ अभियंत्याची त्याच दिवशी जागेवरच सही. दुसऱ्या दिवशी तो येत नाही. चर बुजवताना वाळू आणि वर रंगीत फीत, म्हणजे पुढचा माणूस सावध होईल. ग्राउंड पेनिट्रेटिंग रडार वापरा, पण काळ्या चिकणमातीत आणि पाणथळ जागी ते फारसं बघू शकत नाही. रडारने "काही नाही" म्हटलं तरी चर घ्यायचाच.

हे टेंडरच्या आधी व्हायला हवं, नंतर नाही. नंतर सापडलेल्या प्रत्येक पाइपावर भांडण होतं. फिडिक या आंतरराष्ट्रीय नमुन्याचा करार असेल तर जादा पैशांच्या किंवा मुदतीच्या दाव्याची नोटीस २८ दिवसांत द्यावी लागते. साइटवरचे लोक "आधी काम बघू, पत्र नंतर" करत बसतात आणि तोवर हक्क गेलेला असतो. आपल्याकडच्या सरकारी बी-१ टेंडरात भाषा वेगळी, पण पत्र त्याच दिवशी गेलेलं बरं.

नकाशांचं एक सांगायचं राहिलं. साइट ऑफिसात एकाच ड्रॉइंगच्या तीन आवृत्त्या लटकत असतात. नवी आली की जुनीवर लाल शिक्का मारून ती खिळ्यावरून काढून घ्यायची, नुसती ईमेल करून भागत नाही. फोरमन ईमेल बघत नाही, खिळ्यावरचा कागद बघतो.

आता प्रिमाव्हेरा. शिका, पंधरा दिवसांत हात बसतो, नोकरीच्या मुलाखतीत विचारतातही. पण बहुतेक वेळापत्रकांत "युटिलिटी शिफ्टिंग, ९० दिवस" (पाणी, वीज, गटाराच्या लाइनी हलवणं) अशी एकच पट्टी असते, आणि ती कुणी उघडून बघत नाही. लाइन जिथे कामाला आडवी येते अशा प्रत्येक जागेसाठी वर सांगितलेल्या सगळ्या पायऱ्या वेगळ्या ओळींत टाका, पावसाळा आणि सण कॅलेंडरमध्ये सुट्टी म्हणून टाका. मग ९० दिवसांचे किती होतात ते सॉफ्टवेअर स्वतःच सांगेल.

थोडं सावरून घेतो. गोखले पुलाच्या कामावर मी नव्हतो, आत कोण काय म्हणालं ते मला ठाऊक नाही, लिहिलंय ते जाहीर झालेल्या गोष्टींवरून. दोन मीटरच्या चरात सहा मीटर खोलीवरची मलवाहिनी सापडणार नाही, तिच्यासाठी मॅनहोल उघडून इन्व्हर्ट लेव्हल, म्हणजे पाइपच्या आतल्या तळाची पातळी, घ्यावी लागते. आणि मेट्रोच्या भुयारी कामाला यातलं निम्मं लागू नाही, तिथलं दुखणं वेगळं, भूजल आणि जुन्या इमारतींच्या पायांचं.

गर्डरचं राहिलं. वेळापत्रकात "गर्डर कास्टिंग"च्या मागे "त्या गाळ्याचे दोन्ही पाये मोकळे" ही ओळ बांधा, म्हणजे ती पूर्ण झाल्याशिवाय कास्टिंग सुरूच होणार नाही. मी हे सुचवलं तेव्हा साहेबांनी विचारलं होतं, "मग बिल कशावर काढायचं?" त्या दिवशी उत्तर सुचलं नाही. आज सुचतं: टेंडरात बिलाचे टप्पे वेगळे लिहा. गर्डर ओतल्यावर साठ टक्के, जागेवर चढवल्यावर चाळीस, आणि चारही बाजूंच्या चरांना स्वतंत्र बाब, रनिंग मीटरवर दर. चरांचे पैसे मिळायला लागले की कंत्राटदार स्वतःहून खणेल.