गाव करमाळ्याकडं, सोलापूर विद्यापीठात एमएस्सीला ॲडमिशन मिळालंय, पण मित्राने ज्या रेटला कॉट घेतली होती त्याच्या दीडपट मागायलेत, रूमचं भाडं झेपेल असं वाटत नाही. कॉट बेसिसवर (खोलीतला एक पलंग भाड्याने घेऊन) राहू की हॉस्टेल बघू?

तुम्ही करमाळ्याकडचे, म्हणजे रोज जाऊन-येऊन करणं विषयच नाही. मोहोळची पोरं एसटीचा विद्यार्थी पास काढून करतात, ६६.६७ टक्के सवलत असते आणि गाडी विद्यापीठावरूनच जाते, तुम्हाला मात्र राहावंच लागणार. मित्राने ज्या रेटला कॉट घेतली होती त्याच्या दीडपट मागायलेत म्हणता, तर मागणारच की, भरतीची पोरं, एमपीएससीवाली, इंजिनिअरिंगवाली सगळी त्याच खोल्या धरतात आणि जून-जुलैत बॅग घेऊन दारात उभं राहिलेलं पोरगं घासाघीस करत नाही हे मालकाला पक्कं माहीत असतं.

कॅम्पसवरच्या वसतिगृहाचा अर्ज आधी टाका, ॲडमिशन घेतली त्याच दिवशी. नंबर नाही लागला तर विद्यापीठाजवळ बाळे-केगावकडे बघा. नवखी पोरं सात रस्ता नाहीतर जुळे सोलापूरला रूम धरतात कारण मेस, अभ्यासिका सगळं तिकडं, पण विद्यापीठ पुणे हायवेवर गावाबाहेर आहे, मग महिन्याचं रिक्षाभाडं जोडून बघा म्हणजे स्वस्त कॉट किती स्वस्त ते कळतं.

खरा प्रश्न पाण्याचा. सोलापुरात नळाला रोज पाणी नसतं, चार-पाच दिवसाआड येतं, उन्हाळ्यात आणखी लांबतं. त्यामुळे रूम बघायला गेलात की पलंग-कपाट नंतर, आधी गच्चीवरची टाकी बघा, बोअर आहे का, किती पोरांत मिळून, आणि टँकर मागवला तर पैसे कोण देणार. समजा कॉट ३,००० सांगितली, त्यात टँकरचे २००, लाईटबिल वेगळं, मार्चपासून कूलर लावला तर त्याचे परत वेगळे, की झाले ३,६००. शेजारचा सगळं धरून ३,५०० म्हणत असेल तर तोच परवडला. आमच्या मालकाने तर फॅन रात्रभर चालतो म्हणून पैसे वाढवले होते, मे महिन्यात, सोलापुरात! आणि कोणी भाड्यावर जीएसटी लावतो म्हणाला तर सरळ नाही म्हणा, जुलै २०२४ पासून महिन्याला माणशी २०,००० पर्यंतच्या आणि सलग किमान ९० दिवसांच्या राहण्यावर जीएसटी माफ आहे.

आता योजना. एससी-नवबौद्ध असाल तर स्वाधार, ओबीसी-व्हीजेएनटी असाल तर सावित्रीबाई फुले आधार, अनुसूचित जमातीचे असाल तर स्वयम्, सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही त्यांना राहण्या-जेवणाचे पैसे देणाऱ्या योजना आहेत या. २०१७ च्या जीआरमध्ये स्वाधारला जिल्ह्याच्या ठिकाणी वर्षाला ४३,००० धरलेत, त्यात राहण्याचे १२,०००, म्हणजे महिन्याला हजार. हजारात सोलापुरात काय, करमाळ्यात तरी खोली मिळते का बघा. तरी सोडू नका, जेवणाचे २५,००० वेगळे आहेत त्यात. फक्त पैसे वेळेवर येतील असं धरून ॲडव्हान्स कबूल करू नका. आणि या योजनांना भाड्याने राहतो याचा कागद लागतो, कॉट बेसिसवाले बरेचजण पावतीच देत नाहीत, करारनाम्याचं तर नावच नको. डिपॉझिट द्यायच्या आधीच विचारा, कागद देणार का. नाही म्हणाला तर पाचशे रुपये जास्त घेणारा पण कागद देणारा मालक बघा, हिशोबात तोच पुढं जातो.

जेवणाचं म्हणाल तर घरून कडक भाकरी न् शेंगाचटणी आणून ठेवा, आठ-दहा दिवस काही होत नाही, रात्रीचं भागतं, मेस एकवेळची लावली तरी चालते. मेसवाल्याला आधीच विचारून घ्या शनिवार-रविवार गावाकडं गेलं तर खाडा धरतो का, म्हणजे न जेवलेल्या दिवसांचे पैसे कापतो का, बरेचजण सलग तीन-चार दिवस असले तरच धरतात.