दुकान ११ महिन्यांनी खाली करायला लागलं तर?

"मॅडम, साडेतीन लाख घालून ओटा, टाइल्स, चिमणी सगळं करून घ्यायचं आणि ११ महिन्यांनी मालक म्हणाला, निघा, तर मी काय करू?"

नवा व्यवसाय सुरू करणाऱ्यांना मार्गदर्शन करताना हा प्रश्न मला सतत ऐकायला मिळतो. या ताई पुण्यात घरून डबे देतात. (ओळख कळू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) पोळीभाजी केंद्रासाठी त्यांना एका सोसायटीच्या तळमजल्यावरचा गाळा आवडला होता. भाडं २२ हजार, डिपॉझिट दीड लाख, आणि एजंट टोकनसाठी मागे लागलेला.

भीती रास्तच होती, त्यामुळे "काही होत नाही हो" असं मी म्हटलं नाही. कागदावर भागाकार केला. साडेतीन लाख भागिले ११, म्हणजे महिन्याला जवळपास ३२ हजार. भाड्याहून जास्त! तेच ३६ महिन्यांवर पसरले तर पावणेदहा हजारांच्या आत. ताई म्हणाल्या, "पण करार ११ महिन्यांचाच असतो ना?"

असं काही नाही. नोंदणी कायद्यात वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याला नोंदणीची सक्ती नाही, त्यावरून ही प्रथा पडली. महाराष्ट्रात मात्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स (जागा ठरावीक मुदतीसाठी भाड्यानं वापरायला देण्याचा) करार कितीही महिन्यांचा असो, लेखी आणि नोंदणीकृतच लागतो, आणि ती जबाबदारी मालकाची असते. ६० महिन्यांपर्यंत मुद्रांक शुल्कही पाव टक्काच. ताईंच्या ३ वर्षांच्या कराराला ते सव्वादोन हजारांच्या आत बसत होतं, वर शहरातली नोंदणी फी हजार रुपये. मग ११ महिन्यांत वाचतं काय?

नंतर मालकाचा मसुदा काढला. त्यातलं लॉक-इनचं कलम मी त्यांना मोठ्यानं वाचायला सांगितलं. ११ महिने जागा सोडायची नाही हे बंधन फक्त ताईंवर होतं. मालक मात्र एका महिन्याच्या नोटिशीवर गाळा परत मागू शकत होता. नव्या धंद्याला नेमकं उलट हवं, यावर मी ठाम आहे. खर्च तुम्ही करताय, तर मालक जास्त काळ बांधलेला असावा. धंदा चालेल की नाही हे अजून ठरायचंय, म्हणून तुम्हाला लवकर बाहेर पडता यावं.

वीजबिल व्यावसायिक दराचं आहे ना, हेही बघायला सांगितलं. घरगुती मीटरवर दुकान चालवलं तर वाढीव आकारणी होते. पण खाद्यपदार्थांच्या गाळ्यात बहुतेकदा गाडी अडते ती धुराच्या पाइपावर. तो कुठून बाहेर काढायचा, याची सोसायटीकडून लेखी परवानगी मिळेपर्यंत टोकन देऊ नका, असं मी बजावलं.

मालक ३ वर्षांना तयार झाले. सोसायटीनं पाइपाला नकार दिला. ताईंनी तो गाळा सोडला. टोकन दिलंच नव्हतं, त्यामुळे एक पैसाही अडकला नाही.

पुढे जवळच त्यांना दुसरा गाळा मिळाला. भाडं दोन हजारांनी जास्त, पण आधी तिथे उपाहारगृह होतं, पाइप तयार होता, त्यामुळे कामाचा खर्च दोन लाखांवर आला. करार ३६ महिन्यांचा, मालकावर पूर्ण मुदतीचं बंधन, ताईंवर सहाच महिन्यांचं. सही करण्याआधी त्यांनी स्वतःहून एक ओळ घालून घेतली. शेगड्या, चिमणी आणि स्टीलची टेबलं आपल्या मालकीची, जागा सोडताना आपण ती काढून नेणार.