मोज्याची शिवण

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

मंगळवारी सकाळी तू माझ्या पायात बूट चढवत होतीस आणि मान वर न करता विचारलंस, "बाबा, बसच्या ड्रायव्हरला तुम्ही रोज थँक्यू म्हणता. मी रोज तुमचे बूट घालते, मला कधीच म्हणत नाही. मराठीत असंच असतं का?" मी काही बोलणार तेवढ्यात बस आली. ड्रायव्हरने रॅम्प खाली केला, व्हीलचेअर आत घेतली, आणि माझ्या तोंडून सवयीने थँक्यू निघून गेलं. तू फुटपाथवर उभी राहून माझ्याकडे पाहत होतीस. त्या पाहण्यात राग असता तर मला एवढं लागलं नसतं.

दोन दिवस उत्तर शोधतोय. बोलायला लागलो की माझं इंग्रजी मध्ये येतं आणि विषय तिसरीकडेच जातो, म्हणून लिहून काढतो. शनिवारच्या मराठी शाळेत आता तू जोडाक्षरं सुद्धा अडखळत नाहीस. कुठे अडलं तर आईला विचार, पण पहिल्यांदा हे एकटीने वाच.

तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर 'हो' असं आहे. आमच्या घरात कुणी कुणाला थँक्यू म्हणत नव्हतं. 'धन्यवाद' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो शाळेच्या गॅदरिंगला, माइकवरून. 'आभार' पाहुण्यांचे मानायचे. घरातल्या माणसाचे आभार मानले की त्याला वाटायचं, आपल्याला बाहेरचं समजायला लागले. हे मला पुस्तकातून नाही, तुझ्या मोठ्या काकांकडून, म्हणजे भाऊकडून, कळलं.

मी चौदा महिन्यांचा असताना, 1976 साली, मला ताप आला. ताप उतरला आणि उजवा पाय लुळा पडला. पोलिओचे थेंब सरकारी लसीकरणात आले 1979 साली. म्हणजे मला उशीर झाला असं नाही, थेंबांनाच उशीर झाला. शाळेत जायच्या वयात पायाला लोखंडी पट्ट्यांचं, चामड्याच्या पट्ट्यांनी बांधायचं कॅलिपर आलं. पाचवीपासूनची शाळा शेजारच्या मोठ्या गावात, तीन किलोमीटरवर. पाचवी ते दहावी, भाऊने मला सायकलच्या कॅरिअरवर बसवून नेलं. उन्हाळ्यात काही नाही, पण आपली ती काळी माती पावसात कशी होते तू पाहिली आहेस. चाक आणि मडगार्डच्या मध्ये चिखल गच्च बसायचा, सायकल जागची हलायची नाही. मग भाऊ सायकल कुणाच्या तरी बांधाला टेकवून ठेवायचा, कॅलिपर खोलून आपल्या गळ्यात अडकवायचा आणि मला पाठकुळी घ्यायचा. त्याचं वय तेव्हा पंधरा. त्याच्या सदऱ्याच्या पाठीवर माझ्या बुटाचा चिखल लागलेला असायचा आणि तो तसाच वर्गात बसायचा.

2004 साली मी कॅनडाला निघालो. भाऊ अमळनेर स्टेशनवर सोडायला आला होता. गाडी यायच्या आधी मला राहवलं नाही. म्हटलं, "भाऊ, तुझे फार उपकार आहेत माझ्यावर." त्याचा चेहरा एकदम उतरला. म्हणाला, "मी काय परका शे का?" आणि उठून निघून गेला. गाडी हलायला लागली तेव्हा खिडकीतून डझनभर केळी आत ढकलली. माझ्याकडे पाहिलं नाही. भुसावळपर्यंत मी ती केळी मांडीवर घेऊन बसलो होतो.

आपल्या भाषेत एक शब्द आहे, 'जाण'. कुणी आपल्यासाठी काय केलं ते विसरू नये, आणि वेळ आली की आपणही उभं राहावं, एवढं सगळं त्यात येतं. गावात पोराबद्दल बोलताना 'तो आभार मानतो का' असं कुणी विचारत नाही, 'त्याला जाण आहे' किंवा 'जाण नाही' असं म्हणतात. आणि 'जाण नाही' हे ऐकून घ्यायला फार वाईट वाटतं, शिवीपेक्षा वाईट. भाऊला शब्द नको होता. त्याच्या थोरल्याची इंजिनिअरिंगची फी मी भरली तेव्हा तोही मला काही म्हणाला नाही, आणि ते मला बरोबर वाटलं.

आता कानबाईचं सांगतो, कारण जाण कशी दिसते ते मला तिथे समजलं. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. खान्देशातली माणसं सुरत, पुणे, मुंबई, कुठेही पोटाला गेलेली असोत, त्या दिवशी गावाकडे निघतात. नारळाला नथ, डोळे, कुंकू लावून देवी सजवतात. चौरंगाला केळीचे खांब, रात्रभर अहिराणी गाणी, सोमवारी सकाळी वाजतगाजत नदीवर विसर्जन. पण मला आठवतं ते त्याच्या आधीचं, रोटाचं, म्हणजे देवीच्या नैवेद्याच्या पोळ्यांचं, दळण काढणं. आमच्या घरी माणशी सव्वा मूठ गहू घ्यायची रीत. तुझी आजी, म्हणजे माझी आई, सुपासमोर बसायची, एकेका माणसाचं नाव घ्यायची आणि मूठ टाकायची. मुठीवर पाव मूठ. त्या पिठाचे रोट फक्त भाऊबंदांनी खायचे, बाहेर द्यायचे नाहीत.

1984 च्या श्रावणात मी मुंबईच्या हॉस्पिटलात होतो, पायाचं ऑपरेशन झालं होतं. घरी मी नाही, खाणारं तोंड नाही. तरी आजीने माझ्या नावाची मूठ टाकली. भाऊबंदांत कुणीतरी म्हणालं, तो तर इथे नाही. आजी म्हणाली, "नाव तर इथेच आहे ना." चार दिवसांनी आजोबा मुंबईला आले, धोतराच्या फडक्यात रोटाचा तुकडा बांधून. तो वाळून कडक झाला होता. मी चहात बुडवून खाल्ला. वॉर्डात शेजारच्या खाटेवरच्या पोराला द्यावासा वाटला, पण रोट बाहेर द्यायचा नसतो, म्हणून पांघरुणात तोंड घालून खाल्ला. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

पूर्वी मुठी फक्त पुरुषांच्या नावाच्या असायच्या. तू झालीस त्या वर्षी आजीने कुणाला न विचारता तुझं नाव घेतलं आणि मूठ टाकली. तेव्हापासून दरवर्षी टाकते. तू तिकडे असलीस की नसलीस, तुझी सव्वा मूठ असते.

मागच्या वर्षी आपण सप्तशृंगीच्या गडावर गेलो होतो, तेव्हाही तू असाच एक प्रश्न विचारला होतास आणि मी टाळला होता. आपल्याकडे तिला खान्देशची माहेरवाशीण मानतात. चैत्रात माणसं उन्हातान्हात गावोगावहून पायी गडाला जातात. मी लहान असताना आजीने नवस बोलला होता, पोरगं उभं राहिलं तर अनवाणी गड चढेन. कॅलिपर लावून मी उभा राहिलो. काही लोक म्हणाले, हे काय उभं राहणं, लोखंडाने उभं केलंय. आजीने नवस फेडला. पुढे ती अनवाणी, मागे आजोबा मला खांद्यावर घेऊन, पाचशेच्या वर पायऱ्या. मागच्या वर्षी त्याच गडावर आपण ट्रॉलीने गेलो, 2018 पासून ती सोय झाली आहे. तू माझी खुर्ची ढकलत आत आणलीस आणि त्या मोठ्या मूर्तीचे हात मोजायला लागलीस. अठरा भरले. मग आजीला विचारलंस, "तू बाबांचे पाय मागितलेस का देवीकडे?"

आजी म्हणाली, "मागायला नाही आले माय. सांगायला आले, की सगळे आलो."

तू नंतर ट्रॉलीत मला विचारलंस, आजीला देवीचा राग कसा येत नाही. आला होता, सोनू. 1976 साली तिने वर्षभर देव्हाऱ्यात दिवा लावला नव्हता, हे आजोबांनी मला सांगितलं. मग एक दिवस लावला. का लावला ते तिने कुणाला सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. मला वाटतं ज्यांनी रोज संध्याकाळी माझा पाय मांडीवर घेऊन तेल चोळलं, कॅलिपरच्या पट्ट्यांचे वळ उठले की त्यावर फुंकर घातली, त्यांची नावं घ्यायला तिला जागा हवी होती. आजही दिवा लावताना ती पुटपुटते ना, ते मंत्र नाहीत, नावं आहेत. पुढच्या वेळी जवळ बसून ऐक. तुझंही आहे. 2014 च्या मार्चमध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला, तेव्हा मी तिला फोन करून सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "बरं झालं. आता कोणा मायला रातभर पाय चोळत बसावं लागणार नाही."

हे झालं अर्धं उत्तर. उरलेलं अर्धं लिहायला मला जड जातंय.

आजी थँक्यू म्हणत नाही, पण ती गप्प बसते का, आठवून बघ. तू पाण्याचा तांब्या आणून दिलास की ती म्हणते, "सुखी ऱ्हाय." तू तिची चप्पल शोधून दिलीस की तुझ्या डोक्यावरून दोन्ही हात फिरवून कानशिलावर बोटं मोडते. तुला वाटत असेल ती म्हातारपणाची सवय आहे. तेच तिचं थँक्यू आहे, आणि ते रोजचं आहे. आमच्या घरात मुकेपणा नव्हता. मुका मी झालो, इथे, तुझ्यासमोर. तो मराठी रिवाज नाही.

चार वर्षांपूर्वी माझा चांगला पायही दमायला लागला, तेव्हा डॉक्टरांनी पोस्ट पोलिओ सिंड्रोम असं नाव सांगितलं. लहानपणी पोलिओने कण्यातल्या बऱ्याच पेशी मारल्या. ज्या वाचल्या त्यांनी नवे फाटे फोडून मेलेल्या पेशींचे स्नायूही आपल्या अंगावर घेतले आणि कित्येक वर्षं जास्तीचं ओझं ओढलं. आता त्या थकल्या आहेत. जास्त व्यायाम करून त्या परत जोमात येत नाहीत, उलट आणखी दमतात. म्हणून डॉक्टरांचं म्हणणं, दमायच्या आधी थांबा, मदत मिळते तिथे घ्या. वाकून बूट घालण्यात सकाळची अर्धी ताकद जाते. ते काम तू आपणहून घेतलंस. कुणी तुला सांगितलं नव्हतं.

तू पाच वर्षांची होतीस तेव्हा नवरात्रात आजीने तुला पाटावर बसवून तुझे पाय धुतले होते, कुंकू लावलं होतं. तू गुदगुल्या होतात म्हणून हसत होतीस. त्या लेकीने माझ्या पायाशी गुडघे टेकून बसायचं, हे मला सहन होत नाही. म्हणून त्या दहा मिनिटांत मी खिडकीबाहेर बघतो, फोन बघतो, बस किती वाजता आहे ते तुला विचारतो. भाऊच्या पाठीवर असताना मला लाज वाटत नव्हती, कारण तो मोठा होता. तू लहान आहेस. लाज झाकायला मी गप्प राहिलो आणि तुला ते उपकार विसरल्यासारखं दिसलं. दिसणारच.

पण मी बघतो, सोनू. उजव्या बुटाचा सोल उंच आहे म्हणून तू तो आधी घालतेस, मग डावा. शूहॉर्न थंडीत गार असतो म्हणून आधी आपल्या तळहातात धरून ठेवतेस. आणि मोजा चढवला की करंगळीपाशी हात थांबवून त्याची शिवण वर ओढतेस, कारण करंगळीवर शिवण आली की संध्याकाळपर्यंत तिथे खड्डा पडतो आणि दिवसभर वाकून ती शिवण मला सरकवता येत नाही. हे मी तुला शिकवलं नव्हतं. तू एकदा संध्याकाळी तो खड्डा पाहिलास आणि दुसऱ्या दिवसापासून शिवण वर जायला लागली.

काल रात्री भाऊला फोन केला. तुझा प्रश्न त्याला वाचून दाखवला. स्टेशनवरची गोष्टही काढली, वीस वर्षांनी पहिल्यांदा. तो काही बोलला नाही. मागे गुरांच्या घंटा ऐकू येत होत्या. मग म्हणाला, "जेवना का तू?" मी म्हटलं जेवलो. म्हणाला, "पोरगी जेवनी का?"

तुला इंग्रजीतलं थँक्यू हवं असेल तर ते तुझ्या हक्काचं आहे, तू या देशात वाढतेस आणि इथे प्रेमाच्या माणसांनाही ते म्हणतात. मी म्हणेन. पण मला आधी आजीचं म्हणू दे. मला ते येतं, फक्त तुझ्या डोळ्यांकडे बघून म्हणायचा सराव राहिलेला नाही.

सुखी ऱ्हाय, माय.

तुझा,
बाबा

ता. क. आजीने विचारलंय, या श्रावणात आपण येणार का. तिने गहू निवडून ठेवलेत. उद्याचे माझे मोजे मी रात्रीच खुर्चीवर काढून ठेवले आहेत, उलटे करून, शिवण बाहेर. तसं केलं की ती करंगळीला लागतच नाही. तुला सकाळी पाच मिनिटं जास्त झोपता येईल.