लिस्बनमध्ये गाइडसोबत फूड टूर घ्यावी का? नवरा मासे खातो, मी शाकाहारी आहे.

घ्या, पण पहिल्याच दिवशी आणि उपाशीपोटी. शेवटच्या दिवशी घेतलीत तर कळलेल्या जागी परत जायला वेळच उरत नाही. नवऱ्याची चंगळ आहे: बाकाल्याव (खारवलेला कॉड), भाजलेल्या सार्डिन. पावात डुकराचं मांस घातलेली बिफाना मिळते, तीही खात असतील तर. तो पाव बघून आपला वडापाव आठवेलच. शब्दही पोर्तुगीज 'पाँव'वरून आलाय, आणि 'बटाटा'ही पोर्तुगीजच!

तुमचं जरा अवघड. काल्दु व्हेर्द म्हणजे बटाटा आणि हिरव्या पाल्याचं सूप, पण त्यात बहुधा सॉसेजची चकती असते. त्यामुळे बुकिंग करतानाच लिहून कळवा, आणि मासेही खात नाही हे वेगळं सांगा. अंडं चालत असेल तर पास्तेल द नाता (अंड्याच्या कस्टर्डचा छोटा टार्ट) सोडू नका. लिस्बनच्याच बेलें भागातलं त्याचं प्रसिद्ध दुकान १८३७पासूनचं आहे. तिथे टूरशिवायही जाता येतं. रोसियू चौकाजवळ जिंजिन्या, म्हणजे आंबट चेरीची गोड दारू, छोट्या पेल्यात उभ्याउभ्या पितात.

एक मात्र लक्षात ठेवा: एरवी हॉटेलात न मागता टेबलावर आलेले पाव-ऑलिव्ह फुकट नसतात. नको असतील तर हात न लावता परत पाठवा.