२०१८ ला घेतलेला पीसी आता केवढ्याला विकावा?

९ हजाराला लगेच देऊन टाकू नका दादा. तुम्ही लिहिलंय की आय५-८४०० प्रोसेसर, ८ जीबी रॅम, १०५० टीआय ग्राफिक कार्ड, १ टीबी हार्डडिस्क अन् मॉनिटर असा सगळा सेट २०१८ ला ५५ हजारात पडला, आता परभणीतला दुकानदार ९ म्हणायलाय अन् तुमचा सीए मित्र घसारा लावून हजार-दीड हजारावर आणायलाय. घसाऱ्याचे ४० टक्के दरवर्षी उरलेल्या रकमेवर लागतात, ते इन्कम टॅक्सपुरतं ठीक, बाजारात ते कुणी विचारत नाही. अन् ५५ चं बिल बी बाजूला ठेवा, गिऱ्हाईक फक्त एवढंच बघतं की याच कामाची मशीन आज दुसरीकडं कितीला मिळायली.

मी नांदेडला सेकंडहँड मशिनीच घेतो-विकतो म्हणून सांगायलो, तुमच्या मशीनमधली मोठी गोष्ट म्हणजे तिचा प्रोसेसर आठव्या जनरेशनचा आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, अन् विंडोज ११ ला इंटेलचा डेस्कटॉप प्रोसेसर साधारण आठव्या जनरेशनपासून पुढचाच लागतो, त्यामुळं सातव्या अन् आठव्यात वर्षाचंच अंतर असलं तरी भावात लई फरक पडतो. फक्त बायोसमधे (मशीन चालू होताना उघडणाऱ्या सेटिंगमधे) जाऊन पीटीटी, म्हणजे विंडोज ११ ला लागणारी इंटेलची सुरक्षेची सोय, चालू आहे का बघा, बंद असलं तर विंडोज ११ चेक करताना मशीन चालत नाही असं दाखवतं अन् गिऱ्हाईक तिथंच मागं सरतं.

आता मुख्य गोष्ट, ग्राफिक कार्ड वेगळं विका. आपल्याकडं डेस्कटॉप घेणारं गिऱ्हाईक म्हणजे ई-सेवा केंद्रवाला, टॅलीचं काम करणारा, नाहीतर लेकराच्या अभ्यासासाठी घेणारा बाप, यांना १०५० टीआयचा काडीचा उपयोग नाही अन् त्याचे पैसे ते देणार बी नाहीत. ८४०० मधे स्वतःचं ग्राफिक आहे, कार्ड काढलं तरी डिस्प्ले मदरबोर्डवरून येतो. कार्डाला संभाजीनगरला नाहीतर लातूरला गेम खेळणारं कुणीतरी पोरगं मिळतं, चालू कंडिशनमधे ४ हजाराच्या आसपास धरा, गेम चालू असतानाचा व्हिडिओ काढून ठेवा, पंख्याचा आवाज त्यात ऐकू आला पाहिजे. बाकीचा सेट मॉनिटरसकट ११-१२ हजाराला जायला हरकत नाही. रॅमचे भाव २०२५ च्या शेवटापासून चढलेत, तेव्हा ८ जीबी डीडीआर४ रॅम आहे हे जाहिरातीत ठळक लिहा. कॅबिनेट, कीबोर्ड, माऊस याचे पैसे धरू नका. एसएमपीएस (मशीनला वीज देणारा डबा) चांगल्या कंपनीचा असला तरच काहीतरी.

दुकानदार ९ म्हणायलाय तर तो लुटायलाय असं मी म्हणणार नाही, त्याला साफसफाई करावी लागते, महिना-दोन महिन्याची वॉरंटी द्यावी लागते, माल पडून राहतो. गरज अर्जंट असली तर त्याला कार्ड सोडून ९ मागा.

क्रिस्टलडिस्कइन्फो या सॉफ्टवेअरमधे हार्डडिस्कची हेल्थ बघा, पिवळं "कॉशन" दिसलं तर लपवू नका, डिस्क काढून घ्या अन् भाव तेवढा कमी सांगा, उद्या कुणाचा हिशोब उडाला तर वाईट वाटतं. आतली धूळ ब्लोअरनं काढा, आपल्याकडच्या उन्हाळ्यात धूळ साचलेली मशीन लवकर तापते. घाई नसली तर जून-जुलैत ॲडमिशनच्या टायमाला काढा, नाहीतर दिवाळीच्या आसपास सोयाबीनचे पैसे हातात आल्यावर.

डिस्क मशीनसोबत द्यायची असली तर क्विक फॉरमॅटवर भागवू नका, डेटा परत निघतो. विंडोजच्या रिसेटमधे ड्राइव्ह पूर्ण क्लीन करायचा पर्याय आहे, १ टीबीला कित्येक तास लागतात, रात्री लावून झोपा. अन् ऑनलाइन गिऱ्हाईकानं पैसे पाठवतो म्हणून क्यूआर कोड पाठवला तर स्कॅन करून पिन टाकू नका, पैसे घ्यायला पिन लागत नाही.