टाका किती दिवस धरतो?

प्रश्न : वडिलांच्या खांद्यातला फाटलेला रोटेटर कफ (खांदा उचलणाऱ्या-फिरवणाऱ्या स्नायूंच्या कंडरांचा पट्टा) दुर्बिणीतून शिवला आहे. हाडात तीन अँकर बसवले आहेत. दुखणं दहा दिवसांतच कमी झालं, तरी सहा आठवडे हात झोळीत ठेवायचा आहे. स्क्रू इतके पक्के असतात म्हणे, मग हात बांधून ठेवायची गरज काय?

उत्तर : स्क्रू, म्हणजे हे अँकर, पक्के आहेत, पण कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी चिवट पट्टी) अजून हाडाला चिकटलेली नाही. अँकर म्हणजे हाडात रोवलेली खुंटी. खांद्यासाठी ती साधारण 4.5 ते 5.5 मिलिमीटर जाडीची असते आणि तिच्या नेढ्यात दोन-तीन दोरे आधीच ओवलेले असतात. सर्जन हाडाचा वरचा थर हलकेच खरवडतात, म्हणजे तिथून रक्त झिरपतं. मग छिद्र पाडून अँकर बसवतात, दोरे कंडरेच्या काठापासून सुमारे एक सेंटिमीटर आतून काढतात आणि गाठ मारून कंडरा हाडावर दाबून बसवतात. अँकरचं काम इथपर्यंतच. जोडायचं काम त्या खरवडलेल्या हाडातून येणाऱ्या पेशी करतात, आणि त्यांना घाई नसते.

बिघाड कुठे होतो, हे कळलं की झोळीचा राग येणार नाही. हल्लीचे दोरे अतिशय मजबूत पॉलिएथिलीनचे असतात, ते सहसा तुटत नाहीत. विरलेल्या जुन्या धोतराला नायलॉनच्या दोऱ्याने शिवलं, तर दोरा शाबूत राहतो आणि कापड फाटतं. इथेही सर्वांत जास्त वेळा तेच होतं : दोरा कंडरेला कापत बाहेर येतो. वय जास्त असेल, फाटलेलं बरेच महिने तसंच राहिलं असेल आणि स्नायूत चरबी भरली असेल, तर हा धोका वाढतो. हाड ठिसूळ असेल तर अँकर उपसून येऊ शकतो. अशा वेळी सर्जन जाड अँकर घेतात किंवा जागा बदलतात. तंबूची खुंटी दोरीच्या ओढीविरुद्ध तिरकी ठोकतात, तसाच अँकरही बहुधा तिरका बसवतात. गाठ सैल पडणं हे तिसरं कारण, पण ते त्या मानाने कमी.

वेळापत्रक सर्जन फाटीच्या आकारावरून ठरवतात. साधारण क्रम असा : पहिले सहा आठवडे खांदा स्वतःच्या जोराने उचलायचा नाही, दुसऱ्याने किंवा दुसऱ्या हाताने हलवायचा, तोही सांगितला असेल तेवढाच. सहा ते बारा आठवड्यांत स्वतः हालचाल सुरू. वजनाचे व्यायाम बाराव्या आठवड्यानंतर, जड काम चार ते सहा महिन्यांनी. बोटं आणि मनगट मात्र पहिल्या दिवसापासून हलवा. कोपराचं आधी विचारून घ्या : दंडातल्या बायसेप्स स्नायूची कंडराही त्याच वेळी बसवली असेल, तर कोपर स्वतःच्या जोराने वाकवायला काही आठवडे मनाई असते.

घरात घात होतो तो किरकोळ गोष्टींत. खुर्चीवरून उठताना त्या हाताने रेटा देणं, पडणारी वस्तू झटकन पकडणं, पाठीमागे हात नेऊन सदरा खोचणं. काख धुताना पुढे वाकून हात सैल लोंबू द्यावा, उचलू नये. दुखणं थांबलं म्हणजे सूज उतरली, एवढाच त्याचा अर्थ, आणि बरं वाटणाऱ्या या दिवसांतच माणूस बेसावध होतो. अचानक ‘कट्’ असा आवाज होऊन हात उचलणं आधीपेक्षा कठीण झालं, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता दाखवावं. सोनोग्राफी किंवा एमआरआयमध्ये शिवण सुटली का ते दिसतं.

प्रश्न : असे अँकर शरीरात असताना एमआरआय चालतो का? नंतर ते काढावे लागतात का?

उत्तर : काढावे लागत नाहीत, त्रास दिला तरच काढतात. अँकर टायटॅनियम धातूचे असतील तर ते एमआरआयच्या चुंबकाकडे ओढले जात नाहीत, त्यामुळे स्कॅन बहुतेक वेळा होतो, पण धातूच्या आसपासचं चित्र बिघडतं. पीक नावाच्या प्लास्टिकचे अँकर चित्र बिघडवत नाहीत. तरीही तंत्रज्ञाला आधी सांगायलाच हवं. अँकरच्या वेष्टनावरचं स्टिकर केस पेपरवर लावलेलं असतं. त्यावर कंपनी, मॉडेल आणि लॉट क्रमांक असतो, त्याचा फोटो काढून ठेवा. दहा वर्षांनी हेच विचारलं जातं आणि तेव्हा कोणालाच आठवत नसतं.

विरघळणारे अँकर बहुधा पॉलिलॅक्टिक आम्लाचे असतात आणि त्यांना विरायला काही वर्षं लागतात. सुरुवातीच्या काळातले पॉलिग्लायकॉलिक आम्लाचे फार लवकर विरायचे, त्यामुळे सांध्यात पाणी होणं, हाडात पोकळी पडणं असे प्रकार झाले. म्हणून आता पॉलिलॅक्टिक आम्लाच्या अँकरमध्ये हाडाला पोषक कॅल्शियमचे क्षारही घालतात.

प्रश्न : विरघळणारे टाके होते. पाचव्या आठवड्यात व्रणातून दोऱ्याचं टोक बाहेर आलं आहे. ओढून काढू का?

उत्तर : नको. टोकाखाली गाठ असते, ओढली तर भरलेली जखम पुन्हा उघडते. परिचारिका टोक किंचित उचलून कातडीलगत कापते, दोन मिनिटांचं काम. भोवती लाली पसरत असेल, पू येत असेल किंवा ताप असेल, तर मात्र डॉक्टरांनाच दाखवा.

‘विरघळणारा’ या एका शब्दाने बराच घोटाळा होतो. दोऱ्याची ताकद जाणं वेगळं आणि दोरा नाहीसा होणं वेगळं. पॉलिग्लॅक्टिन या नेहमीच्या विरघळणाऱ्या दोऱ्यात दोन आठवड्यांनी सुमारे 75 टक्के आणि तीन आठवड्यांनी 50 टक्के ताकद उरते, पण तो पूर्ण विरायला 56 ते 70 दिवस लागतात. म्हणजे पाचव्या आठवड्यात तो दिसणं अगदी स्वाभाविक आहे. त्याचा झटपट विरणारा प्रकार दोन आठवड्यांतच निकामी होतो, तो वरच्या कातडीपुरता ठीक. पोटाच्या भिंतीचा जाड पडदा मात्र कित्येक आठवडे कच्चा असतो. तिथे पॉलिडायॉक्सॅनोन नावाचा सावकाश विरणारा दोरा लागतो, ज्याची चार आठवड्यांनीही निम्म्याच्या आसपास ताकद टिकते आणि जो विरायला सहा-सात महिने घेतो. अशा शिवणीत वापरलेला दोरा जखमेच्या लांबीच्या किमान चौपट असावा, असा नियम आहे. कमी लागला तर टाके एकमेकांपासून फार लांब घातलेले किंवा फार ताणलेले आहेत असं समजावं.

कातडीचंही पाहा : तीन आठवड्यांनी तिची ताकद मूळच्या साधारण 20 टक्केच असते, तीन महिन्यांनी 80 च्या आसपास पोहोचते आणि पूर्वीइतकी कधीच होत नाही. जाता जाता, जुन्या कॅटगट दोऱ्याचा मांजराशी काही संबंध नाही. तो मेंढीच्या किंवा गाईच्या आतड्यापासून करतात.

प्रश्न : हर्नियाची जाळी खोकल्याने सरकते का?

उत्तर : हर्निया पोटाच्या भिंतीतल्या ज्या भोकातून बाहेर येतो, त्यावर ही जाळी बसवतात. ती भोकाएवढीच कापून बसवली तर सरकेल, म्हणूनच ती भोकापलीकडे चहूबाजूंनी पुरेशी पसरवतात. जांघेच्या हर्नियात दुर्बिणीतून बसवायची जाळी किमान 10 × 15 सेंटिमीटरची असते. जाळीचं पॉलिप्रॉपिलीन हे प्लास्टिक विरत नाही, पण भोवतीचे तंतू आवळले जातात तशी जाळी आकसते. कडेला जागा कमी सोडली असेल, तर काठाशी हर्निया पुन्हा डोकावतो. जाळीची छिद्रं एक मिलिमीटरहून मोठी असली तर त्यांतून ऊती वाढून ती मऊ राहते, बारीक छिद्रांवर ताठ पापुद्रा धरतो. साधी जाळी आतड्याला टेकली तर चिकटते, म्हणून पोटाच्या आत ठेवायची असल्यास आतड्याकडच्या बाजूला वेगळा थर असलेली घेतात. खोकताना जखमेवर उशी दाबून धरा. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका, कुंथण्यानेही तेवढाच ताण पडतो.

प्रश्न : मुलाच्या कपाळाची जखम गोंदाने चिकटवली. काळजी काय घ्यावी? असा गोंद घरी ठेवावा का?

उत्तर : त्यावर मलम लावू नका, व्हॅसलिनसुद्धा नाही, गोंद सैल पडतो. अंघोळ चालते, पण घासायचं किंवा भिजवत ठेवायचं नाही. पाच ते दहा दिवसांत पापुद्रा आपोआप सुटतो. हा गोंद ताण नसलेल्या, स्वच्छ, सरळ कापलेल्या जखमेलाच चालतो. गुडघ्यावर, तळहातावर किंवा चावलेल्या जखमेला नाही. तो जखमेच्या वर लावतात, आत गेला तर कडा जुळतच नाहीत. दुकानातला झटपट चिकटवणारा गोंद याच रासायनिक कुळातला असला, तरी त्याच्या रेणूंची साखळी आखूड असते. तो जास्त तापतो आणि विघटन होताना फॉर्मल्डिहाइड सोडतो. तो जखमेला लावू नये.